तीन वाजून चौदा मिनिटांचा कुत्रा

माझे वडील पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. संध्याकाळी ते प्रुफांची भेंडोळी घरी आणत आणि जेवणे उरकल्यावर दिव्याखाली बसून वाचत. त्यांची वाचण्याची रीत उलटी होती. ते गॅलीच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करीत, एकेक ओळ वर सरकत, आणि हातातल्या ओळीच्या वरचा सगळा मजकूर एका पोस्टकार्डाने झाकून ठेवत. मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांना विचारले होते, की असे उलटे का वाचता? तेव्हा अण्णा म्हणाले, "अगं, अर्थ लागला की चूक दिसत नाही."

या रीतीची किंमतही त्यांना मोजावी लागे. एका गाजणार असलेल्या कादंबरीची प्रुफे ते आठवडाभर वाचत होते. आईने सहज विचारले, "कशी आहे हो गोष्ट?" त्यावर ते म्हणाले, "गोष्ट ठाऊक नाही, पण दीर्घ ऊकार सगळे जागच्या जागी आहेत." १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. आमच्यासारख्यांना थोड्याच दिवसांत काही गेल्याचेही आठवेनासे झाले. अण्णांना मात्र त्या जागा पुढे कितीतरी वर्षे मोकळ्या दिसत.

हा लेख होर्हे लुईस बोर्हेस यांच्या एका कथेविषयी आहे. ती पुन्हा वाचायला मी बसले त्याचे कारण मात्र दुसरेच एक पोस्टकार्ड आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी आले तर नुसती कबुली होईल, आणि मला त्याहून थोडे अधिक म्हणायचे आहे.

कथा 'स्मरणशील फुनेस'. बोर्हेस यांनी ती १९४२ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९४४ च्या 'फिक्सिओनेस' या संग्रहात घेतली. उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस या गावी इरेनेओ फुनेस नावाचा मुलगा राहतो. घड्याळ न पाहता अचूक वेळ सांगण्याबद्दल तो आधीच गावात माहीत आहे. एक अर्धवट माणसाळलेला घोडा त्याला फेकून देतो आणि तो कायमचा लुळा होतो. शुद्धीवर आल्यावर त्याच्या ध्यानात येते, की आपल्याला सगळे आठवते आहे, आणि सगळे म्हणजे खरोखरच सगळे. एखाद्या पहाटेच्या ढगांचे आकार, एकदाच पाहिलेल्या पुस्तकाच्या बांधणीवरच्या रेषा. एक अख्खा दिवस त्याने दोन-तीनदा आठवून काढलेला आहे, आणि त्या प्रत्येक आठवणीला एक अख्खा दिवस लागलेला आहे. प्रत्येक आकड्याला तो वेगळे नाव देऊ पाहतो. त्यातले एक नाव कुणा माणसाचे असते, तर दुसरे 'रेल्वे'. तीन वाजून चौदा मिनिटांनी बाजूने दिसलेला कुत्रा आणि तीन वाजून पंधरा मिनिटांनी समोरून दिसलेला कुत्रा यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, याचा त्याला त्रास होतो. निवेदक एक रात्र काळोखात बसून त्याचे बोलणे ऐकतो. उजाडल्यावर त्याला फुनेसचा चेहरा दिसतो. फुनेस एकोणीस वर्षांचा आहे. दोन वर्षांनी तो फुप्फुसे भरून आल्याने मरतो.

या कथेचे तात्पर्य सर्वांच्या तोंडी आहे. विचार करणे म्हणजे फरक विसरणे, आणि ज्याला विसरता येत नाही त्याला विचारही करता येत नाही. कथेतल्या निवेदकालाच शेवटी अशी शंका येते, आणि समीक्षकांनी ती शंका निकालासारखी उचलली. मेंदूच्या अभ्यासकांनी तर ती फारच आनंदाने उचलली. सगळेच आठवत राहिले तर काहीच न आठवण्याइतकीच आपली दुर्दशा होईल, या आशयाचे विधान विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच करून ठेवले होते. त्यामुळे कथा आणि शास्त्र यांचे सूत ताबडतोब जुळले. मी स्वतः तीस वर्षे वर्गात हेच शिकवले आहे.

आता मला ते अर्धेच खरे वाटते. फुनेसला संकल्पना नाहीत, असे कथेत कुठे दिसते? तो रात्रभर बोलतो, म्हणजे शब्द वापरतो. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, लॅटिन या भाषा तो अंथरुणावर पडल्या पडल्या शिकला आहे. विभक्तीचा प्रत्यय हजार शब्दांना लागतो हे ज्याला कळत नाही तो लॅटिन कशी शिकेल? आणि त्या कुत्र्याचेच पाहा. 'या दोघांना एकच नाव का?' ही तक्रार करण्यासाठी ते दोन नसून एकच कुत्रा आहे हे आधी माहीत असावे लागते. ज्याला हे माहीत नाही त्याला तक्रार सुचणारच नाही. फुनेसपाशी कुत्र्याची संकल्पना आहे. फक्त ती तयार झाल्यावर खालचे तपशील झाकले जायला हवेत, ते झाकले जात नाहीत. आपण संकल्पना बनवणे आणि तपशील लपवणे ही एकच क्रिया समजतो. त्या दोन क्रिया आहेत, आणि फुनेसची दुसरी बिघडली आहे. बोर्हेस यांनी या कथेला निद्रानाशाचे लांबलेले रूपक म्हटले आहे, ते इथे नेमके बसते. झोप न येणाऱ्या माणसाचे ज्ञान कमी झालेले नसते. त्याचे दार बंद होत नसते.

हा फरक शब्दच्छल नाही. त्याच्यासाठी मॉस्कोतल्या एका खऱ्या माणसाकडे जायला हवे.

१९२० च्या दशकात एका वर्तमानपत्राच्या संपादकाच्या लक्षात आले, की सकाळी कामे वाटताना आपला एक बातमीदार कधीच काही टिपून घेत नाही. त्याने त्याला रागावण्याऐवजी मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. त्या बातमीदाराचे नाव सोलोमन शेरेशेव्स्की, आणि ज्या तरुण संशोधकाच्या खोलीत तो जाऊन बसला ते अलेक्सांद्र लुरिया. लुरियांनी त्याच्या स्मरणशक्तीला मर्यादा सापडते का ते पाहिले, आणि ती सापडली नाही. पुढे सुमारे तीस वर्षे ते त्याचा अभ्यास करीत राहिले आणि १९६८ मध्ये त्याच्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. बोर्हेस यांची कथा या पुस्तकाच्या सव्वीस वर्षे आधीची आहे.

शेरेशेव्स्कीला प्रत्येक आवाजाला रंग, चव आणि पोत जाणवत असे. शब्दांची लांब यादी दिली, की तो मनातल्या मनात मॉस्कोच्या गोर्की स्ट्रीटवरून चालू लागे आणि एकेक वस्तू एखाद्या दारात, खिडकीत, भिंतीशी ठेवीत जाई. यादी म्हणून दाखवताना पुन्हा तोच रस्ता. अंकांची एक मांडणी त्याला दिली होती, जिच्यात साधा क्रम होता. शाळेतल्या पोरालाही तो दिसला असता आणि पाठ करण्याचे कष्ट वाचले असते. त्याने ती सगळी पाठ केली आणि क्रम त्याच्या लक्षातच आला नाही. माणसांचे चेहरे त्याला लक्षात राहत नसत, कारण ते सारखे बदलतात. कविता वाचताना प्रत्येक शब्दाचे चित्र उभे राही, ती चित्रे एकमेकांत घुसत आणि ओळीचा अर्थ हाती लागेना. विसरण्यासाठी तो गोष्टी कागदावर लिहून कागद जाळी. जळालेल्या काजळीवरही त्याला अक्षरे दिसत. इथवर तो फुनेसचा सख्खा भाऊ वाटतो.

पण लुरियांनी त्याच्या चुकाही नोंदवल्या आहेत, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग तो आहे. कधी कधी यादीतली एखादी वस्तू त्याच्याकडून सुटत असे. का? एकदा त्याने मनातल्या रस्त्यावर पेन्सिल कुंपणाला टेकवून ठेवली होती आणि ती कुंपणात मिसळून गेली. एकदा अंडे पांढऱ्या भिंतीपाशी ठेवले होते. परत येताना ते दिसले नाही. पांढऱ्यावर पांढरे. यावरून लुरिया असे ठरवतात, की हे दोष आठवणीचे नसून पाहण्याचे आहेत. अंडे ठेवलेल्या जागीच होते. पुढे शेरेशेव्स्की अशा वस्तू मोठ्या करून ठेवू लागला, त्यांच्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पाडू लागला.

हे अंडे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या माणसाच्या मनात सगळे होते त्याच्याही मनात एक गोष्ट असून दिसत नव्हती. असणे वेगळे आणि जाणिवेत येणे वेगळे. आपल्या, साध्या स्मरणाच्या माणसांच्या, डोक्यात अशी किती अंडी किती भिंतींपाशी पडलेली असतील!

किती, याचा अंदाज मेंदूविज्ञानाने गेल्या काही दशकांत दिला आहे. अपस्माराच्या काही रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याआधी, झटका नेमका कुठून सुरू होतो ते शोधण्यासाठी मेंदूत बारीक तारा बसवाव्या लागतात. अशा आठ रुग्णांच्या संमतीने रोड्रिगो कियान किरोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका पेशीचे वर्तन नोंदवले आणि २००५ मध्ये 'नेचर'मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. हॅली बेरी या अभिनेत्रीचे छायाचित्र दाखवले की एक पेशी चेतत होती. तिचे रेखाचित्र दाखवले तरी तीच पेशी, मुखवटा घातलेली ती दाखवली तरी तीच, आणि पडद्यावर तिचे नुसते नाव लिहिलेले दाखवले तरीही तीच. नावाच्या अक्षरांत आणि चेहऱ्यात दिसण्यापुरते काय साम्य आहे? काहीच नाही. अशा पेशींना पुढे संकल्पना-पेशी हे नाव मिळाले. किरोगा मूळचे अर्जेंटिनाचे. त्यांनी बोर्हेस आणि स्मृती यांच्यावर एक सबंध पुस्तक लिहिले आणि त्यासाठी बोर्हेस यांच्या पत्नी मारिया कोदामा यांच्याकडे जाऊन त्यांचा ग्रंथसंग्रहही पाहिला. फुनेसला आपल्यासारख्या या पेशी नसाव्यात, असे त्या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. माझे त्यांच्याशी भांडण एवढ्यावरच आहे, आणि ते कथेपुरते आहे. त्यांच्या प्रयोगांविषयी मला आदर आहे.

कारण त्यांचाच प्रयोग मला माझी बाजू देतो. चित्र समोर आल्यापासून या पेशी चेतायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. मेंदूच्या हिशेबात हा बराच काळ आहे. त्या काळात डोळ्यांकडून आलेल्या कडा, कोन, छटा, सावल्या यांच्यावर दृष्टीच्या केंद्रांत टप्प्याटप्प्याने काम झालेले असते. कुत्रा बाजूने आहे की समोरून, याचा हिशेब लागल्याशिवाय तो कुत्रा आहे हे ठरतच नाही. म्हणजे तीन चौदाचा कुत्रा आपल्यालाही भेटलेला असतो. आपल्यापर्यंत पोचतो तो निकाल. साक्षी-पुरावे आतल्या आत दप्तरी दाखल होतात.

मराठी वाचकाला हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. 'चार' म्हणा आणि 'चाक' म्हणा. पहिल्या च ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्या च ला ती दातांमागे टेकते. लिपीत दोघांना एकच अक्षर आहे आणि आपण जन्मभर तो एकच वर्ण समजत आलो. वर्गात मी हे सांगितले की दरवर्षी निम्मी मुले चकित होत आणि तोंडातल्या तोंडात 'चार, चाक' करून बघत. त्यांच्या जिभेने मात्र त्या दिवसापर्यंत एकदाही चूक केलेली नसे. मुखाला ठाऊक आहे, माणसाला नाही. याची उलट बाजू जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' यांसारखे ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. आपल्या भाषेला जो फरक लागत नाही तो वर्षाच्या आत मागे सारला जातो, आणि त्याच सुमारास मूल पहिले शब्द बोलू लागते. शब्द येतो आणि तो आपल्यासोबत थोडा बहिरेपणा आणतो.

आपल्याकडच्या दर्शनकारांनी या जागेवर पुष्कळ झगडा केला आहे आणि तो इथे अगदीच न सांगणे बरे नाही. दिङ्नागाने प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे कल्पनेचा स्पर्श न झालेले ज्ञान असे मानले, आणि शब्दाचे काम वगळण्याचे आहे असे सांगितले. 'गाय' हा शब्द गाय दाखवत नाही, गाय नसलेले सगळे बाजूला काढतो. हाच अपोह. नैयायिकांना ते मान्य नव्हते. पण नव्यन्यायात एक विलक्षण गोष्ट मान्य आहे. 'ही गाय' असे सविकल्पक ज्ञान होण्यापूर्वी निर्विकल्पक ज्ञान झालेले असते, आणि ते आपल्याला झाले हे आपल्याला कधीच जाणवत नाही. त्याचे फक्त अनुमान करावे लागते. विद्युत्तारा नसताना गंगेशादी पंडित तिथवर कसे पोचले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. अर्थात त्यांना हव्या होत्या त्या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि 'आमच्याकडे हे सगळे आधीच होते' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही.

मग हे झाकलेले उघडता येईल का? सिडनीतल्या अ‍ॅलन स्नायडर यांचा सिद्धांत असा, की काही स्वमग्न व्यक्तींमध्ये दिसणारी चित्रकलेची किंवा गणिताची थक्क करणारी शक्ती ही जास्तीची देणगी नव्हे. ज्या कच्च्या तपशिलांपर्यंत आपली जाणीव पोचत नाही त्यांच्यापर्यंत त्यांची पोचते, एवढेच. २००३ मध्ये त्यांनी अकरा निरोगी विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावर चुंबकीय स्पंद सोडून तो थोडा वेळ मंद केला. अकरापैकी चौघांच्या चित्रांची शैली बदलली. त्यांच्यातल्या काहींची आणखी एक शक्ती वाढलेली आढळली, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठले होते: मुद्रितशोधनाची. ओळखीच्या म्हणीत एखादा छोटा शब्द चुकून दोनदा छापलेला असला, की आपण तो वाचत नाही. त्यांना तो दिसू लागला. अण्णांनी एका पोस्टकार्डावर जे साधले ते सिडनीत यंत्राने झाले.

उठले खरी, पण पुन्हा बसलेही. अकरा माणसे म्हणजे फार थोडी. आणि हा सिद्धांत आम्हा साहित्यवाल्यांना गोड लागतो, एवढेच त्याच्याकडे सावधपणे पाहायला पुरेसे कारण आहे. नॉटिंगहॅमच्या नादियाची गोष्ट आम्ही अशीच गोड करून सांगतो. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. बोलणे जवळजवळ नसलेली ही मुलगी साडेतीन-चार वर्षांची असताना धावते घोडे असे काढी की मोठ्या चित्रकारांनी पाहत राहावे. पुढे भाषा थोडी आली आणि ते रेखाटन ओसरले. भाषेने चित्र खाल्ले, असे म्हणायला बरे वाटते. पण त्या मुलीला कप मागता येत नव्हता, तेव्हाच्या तिच्या आईच्या दिवसांचा विचार करा, म्हणजे निर्विकल्पकाचे गोडवे जरा आवरते घ्यावेसे वाटतील. चाळणी फाडून टाकणे हा उपाय नव्हे.

दुसऱ्या टोकाला तज्ज्ञ आहेत. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांची स्कॅन-चित्रे देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या संचात त्यांनी गोरिलाची आकृती घातली होती. तिचा आकार सरासरी गाठीच्या अठ्ठेचाळीस पट. चोवीसपैकी वीस जणांना ती दिसली नाही. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट तिच्यावर पडून गेली होती. तज्ज्ञ नसलेल्यांच्या गटात तर ती एकालाही दिसली नाही, हेही सांगायला हवे, नाहीतर तज्ज्ञांची टर उडवण्याचा मोह होतो. गाठ शोधणाऱ्या डोळ्यांना गाठ दिसते. त्यांना ज्याचे नाव दिलेले नाही ते त्यांच्यासमोरच असते.

समीक्षक हाही एक गाठ शोधणारा माणूस आहे. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये अपरिचितीकरणाचा विचार मांडला. सवयीने वस्तू बीजगणितातल्या अक्षरांसारख्या होतात, आणि कलेचे काम त्या पुन्हा जाणवून देण्याचे आहे. त्यासाठी त्यांनी तॉलस्तॉय यांच्या रोजनिशीतला प्रसंग घेतला. खोली पुसताना तॉलस्तॉय यांना आठवेना, की आपण कोच पुसला की नाही. लेखकाचे काम श्क्लोव्हस्की यांनी सांगितले. पण लेखकाने जाणवून दिलेली वस्तू वाचणारा पुन्हा अक्षरात बदलून टाकतो त्याचे काय? आपण मराठीत ग्रामीण, दलित, महानगरी, देशी, स्त्रीवादी असे शब्द तयार केले. त्यांच्यावाचून चालले नसते. साठोत्तरी पिढीने ते केले नसते तर कित्येक पुस्तके वाचलीच गेली नसती. पण एकदा शब्द झाला की पुस्तक ३०० मिलिसेकंदांत ओळखता येते.

आता ते पोस्टकार्ड.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी एका मासिकासाठी मी एका कादंबरीचे परीक्षण केले. लेखिका नवी होती, ही तिची पहिली कादंबरी. काळ १९७२ च्या दुष्काळाचा, एक घर, चार मुले, आई. मी चांगले लिहिले होते असे मला वाटत होते. 'ग्रामीण कादंबरीतील त्यागमूर्ती मातेच्या परंपरेत' ती आई मी बसवली. सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी निजणारी, क्षयाने खंगत जाणारी, खोकणारी आई. शेवटी परीक्षकाने एखादा दोष दाखवायचा असतो, म्हणून मी एक दोषही दाखवला, आणि मुद्रितशोधकाच्या मुलीला शोभेशा ऐटीत. तेराव्या प्रकरणात आई खडी फोडण्याच्या कामावर दुसऱ्या गावी मुक्कामाला गेलेली असताना घरात तिचा खोकला ऐकू येतो, ही लेखिकेची नजरचूक होय.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. 'आपण वेळ काढून लिहिलेत, आभारी आहे. जमल्यास पान ६३ पुन्हा वाचावे.' खाली सही. मला ते थोडे उद्धट वाटले. कार्ड पुस्तकात ठेवले आणि पुस्तक कपाटात. त्यानंतर तिची दुसरी कादंबरी आली नाही. ती माझ्यामुळे आली नाही असे समजण्याइतकी मी मोठी नाही. पण तिला वाचणारी दोन-तीनच परीक्षणे आली होती आणि त्यातले एक माझे होते.

मागच्या पावसाळ्यात कपाट आवरताना कार्ड पुस्तकातून खाली पडले. मी पान ६३ काढले. दोन-तीन ओळींचा मजकूर आहे. रात्री सगळे निजल्यावर आई उठते, जात्यापाशी जाते, दगडांच्या फटीत आणि कडेला राहिलेले मिलोचे पीठ बोटांनी गोळा करते आणि कोरडेच तोंडात टाकते. पुढची ओळ खोकल्याची आहे.

पूर्वी हे पान मी वाचले नव्हते असे नाही. माझ्याच प्रतीत त्या पानावर पेन्सिलीची रेघ आहे. समासात मी 'दारिद्र्य-चित्रण प्रभावी' असे लिहून ठेवले आहे.

मग मी अण्णांसारखी बसले. शेवटच्या प्रकरणापासून, वरचा मजकूर तिच्याच कार्डाने झाकून, एकेक पान मागे. कादंबरीत क्षय हा शब्द कुठेही नाही. वैद्य नाही, डॉक्टर नाही, औषधाची बाटली नाही. तो रोग मी आणला होता, जुन्या कादंबऱ्यांतून. खोकला सात ठिकाणी येतो. सातही वेळा रात्री, दिवा मालवल्यावर, जाते असलेल्या खोलीतून. दिवसा ही बाई एकदाही खोकत नाही. आणि कोणत्याही ठिकाणी 'तिचा' असा शब्द नाही. प्रत्येक वेळी नुसता खोकला येतो, जसा तो मराठीत येऊ शकतो. 'तिचा' मी घातला होता.

तेराव्या प्रकरणात घरी चार मुले आहेत. संध्याकाळी थोरली मुलगी भाकरी करते, ती अकरा वर्षांची आहे. तिघांना वाढते. स्वतः जेवली की नाही ते लिहिलेले नाही. दिवा मालवते, धाकट्याला थोपटते. त्यानंतर दोन ओळी सोडून आतून खोकला येतो.